ठोकळ्यातला बाबा

केतकी चौगुलेनं घटस्फोट घेतला तो नवऱ्याचा आवाज कानांवर पडू नये म्हणून. आणि कायद्याची करणी बघा, त्यानं नेमका तोच आवाज तिच्या स्वयंपाकघरातल्या फडताळावर आणून बसवला. तोही न थकणारा, न चिडणारा आणि घटकाभरही रजेवर न जाणारा!

"जुई, शेपू संपव आधी. ताटात टाकलेलं मला चालत नाही," केतकी म्हणाली.

"वास येतो त्याला."

"वास येतो म्हणे! मुकाट्यानं खा."

फडताळावरचा ठोकळा उजळला. पावाच्या लादीएवढा तो जिन्नस, पुढच्या बाजूला काच. काचेत निनादचा चेहरा उमटला, नीट भांग पाडलेला, हसरा.

"जुईराणी, वास येतो हे खरंच आहे," ठोकळा म्हणाला. "मलाही लहानपणी आवडायची नाही ही भाजी. आपण असं करू या का, एक घास तू खा आणि मग मला सांग, वास जास्त वाईट की चव?"

जुई खुदकन हसली. आठ वर्षांची पोर, पण हसली की अजून चार वर्षांची वाटायची. बघता बघता तिनं ताट चाटूनपुसून लख्ख केलं.

"बघितलंस आई? बाबा ओरडले नाहीत, तरी खाल्ली की नाही मी?"

"होय बाई. तुझा बाबा म्हणजे संतच."

"हा टोमणा होता."

"असू दे, जुई," ठोकळा मऊ आवाजात म्हणाला. "आई दिवसभर भट्टीपाशी उभी असते. दमते ती."

केतकीच्या अंगाचा तिळपापड झाला. हे एक वाक्य लग्नात कधी ऐकायला मिळालं असतं तर ती कोर्टाची पायरी कशाला चढली असती? खऱ्या निनादला ती भट्टीपाशी उभी असते हे ठाऊक होतं, पण त्यात दमण्यासारखं काही असतं हे त्याच्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं. आणि शेपू? शेपूची भाजी दिसली की तो ताट सरकवून उठायचा.

आता हे ठोकळ्याचं प्रकरण काय, ते सांगायला हवं.

आईबाप वेगळे झाले की मूल एकाकडे राहतं आणि दुसऱ्याला भेटीचा हक्क मिळतो, ही जुनी पद्धत. त्या भेटींची रड काय सांगावी! रविवारी येतो म्हणून सांगून बाप येत नाही, आला तर आई दार उघडत नाही, आणि पोर खिडकीशी उभं. कौटुंबिक न्यायालयं या तक्रारींनी तुंबून गेली होती. तेव्हा 'दूरस्थ सहपालक' नावाची यंत्रणा कायद्यात आली. लोकांनी तिला सरळ ठोकळा म्हणायला सुरुवात केली.

त्यातलं विज्ञान तसं अवघड नाही. आजकालचा माणूस वर्षानुवर्षं फोनवर बोलत असतो, निरोप पाठवत असतो, व्हिडिओ काढत असतो. हे सगळं यंत्राला खाऊ घातलं की एखाद्या प्रसंगी हा माणूस काय बोलेल, कसं बोलेल, कुठं थांबेल, याचा अंदाज ते बांधतं आणि त्याच्याच आवाजात, त्याच्याच चेहऱ्यानं बोलतं. शेजारच्या काकू नाही का, तुमचं वाक्य तुमच्याआधी पुरं करत? तसंच, फक्त न चुकता. कॅमेऱ्यातून ते मुलाचा चेहरा वाचतं, आवाजातला कंप टिपतं. दिवसभरात काय झालं त्याचा सारांश संध्याकाळी खऱ्या पालकाला जातो, म्हणजे भेट झाली की त्याला सगळं ठाऊक असावं. खरा पालक हजर असेल तिथं मात्र त्याचा ठोकळा आपोआप बंद राहतो. मुलाच्या मनात दोन बाप नकोत म्हणून.

आणि या सगळ्यावर एक चाळण असते, अटींची. ठोकळ्याच्या मनात आलेलं प्रत्येक वाक्य आधी त्या चाळणीतून जातं. अटीत बसलं नाही तर तिथल्या तिथं बदलतं आणि मगच तोंडाबाहेर पडतं. माणसाला हे जमत नाही. माणसाचं आधी तोंड सुटतं.

या अटी दोन्ही पक्षांनी मिळून ठरवायच्या असतात. तिथंच माती खाल्ली.

केतकी अटी ठरवायच्या दिवशी नुसती पेटलेली होती. तिनं एकेक जुनं भांडण उकरून काढलं आणि त्याची अट बनवली. मुलीवर आवाज चढवणार नाही. दिलेला शब्द मोडणार नाही. बोलताना फोनमध्ये बघणार नाही. 'नंतर बघू' म्हणणार नाही. बायकोच्या माहेराबद्दल वाकडं बोलणार नाही. तिच्या वकील कुंभोजकरबाईसुद्धा हसल्या, "अहो, एवढं गाळल्यावर माणूस उरतो का?"

तिला वाटलं होतं निनाद चवताळेल, नाही म्हणेल, आणि तो कसा आहे हे सगळ्यांसमोर उघडं पडेल. पण समोर समुपदेशक बसलेल्या. निनाद खुर्चीत ताठ झाला आणि म्हणाला, "लिहा की! मी तसाच आहे."

एकीनं सूड उगवला, दुसऱ्यानं फुशारकी मारली, आणि त्यातून असा बाप जन्माला आला जसा पृथ्वीच्या पाठीवर कुणाच्या नशिबी नसेल.

*

जयसिंगपुरात केतकीचं भडंग बनवायचं छोटं युनिट होतं, वडिलांच्या मागं तिनंच सांभाळलेलं. लसणाची फोडणी कढईत पडली होती आणि त्याच वेळी फोनवर कोर्टाची नोटीस आली. निनादनं जुईचा ताबा मागितला होता.

अर्ज तिनं तिथंच, भट्टीपाशी उभ्यानं वाचला. वडील रोज मुलीच्या संपर्कात आहेत. अभ्यास घेतात, गोष्टी सांगतात, आजारपणात सोबत असतात. एकही भेट चुकलेली नाही. उलट आई मुलीवर वरचेवर आवाज चढवते. खाली पुरावे जोडले होते: तिचंच ओरडणं, ठोकळ्यानं टिपलेलं, एकूण एक. वेणी घालताना हलू नकोस. पाढे म्हण. तो फोन ठेव नाहीतर पाठीत धपाटा घालीन.

ती तशीच, हाताला मसाला लागलेला, कुंभोजकरबाईंच्या ऑफिसात जाऊन धडकली.

"बाई, हा माणूस गेल्या दिवाळीनंतर इकडं फिरकलेला नाही! कसली हजेरी आणि कसलं काय?"

"कायद्याच्या लेखी सहपालकाची हजेरी म्हणजे पालकाचीच हजेरी, केतकी. त्याच हजेरीवर त्यानं पोटगीत सूटही घेतलीय, विसरलीस?"

"अहो, पण तो माणूस नाहीये! यंत्र आहे ते!"

"त्याचं यंत्र आहे."

"मग माझ्या अटी काढून टाका. सगळ्या! होऊ दे त्या ठोकळ्याला निनादसारखं. दोन दिवसांत पोरीला कळेल."

कुंभोजकरबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "अट काढायची असो की ठोकळा कायमचा बंद करायचा असो, दोघांची संमती लागते. तो कशाला देईल? त्याचं तर सोनं झालंय."

"म्हणजे बाप घडवला मी, आणि पोर न्यायची त्यानं?"

"तसंच दिसतंय," बाई म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण वाईट वाटून खटला जिंकता येत नाही.

बाहेर येऊन केतकीनं निनादला फोन लावला. "जुईच्या वर्गशिक्षिकेचं नाव सांग."

"हा काय प्रकार आहे?"

"नाव सांग. रोज बोलतोस ना तिच्याशी?"

"सारांशात असेल. बघून सांगतो नंतर." आणि मग अगदी मनापासून तो म्हणाला, "केतकी, ती माझ्याशीच बोलते. आवाज माझा आहे, शब्द माझे आहेत. तू मला कधी चांगला बाप मानलंच नाहीस. आता निदान लेखी आहे."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला ते खरंच वाटत होतं. केतकीला रडावं की फोन आपटावा तेच कळेना. तिनं फोन आपटला नाही, कारण तो आपटला असता तर नवा घ्यावा लागला असता.

*

न्यायाधीशांनी जुईला एकटीला आपल्या दालनात बोलावलं. मुलाला काय हवंय ते विचारायची तशी रीतच आहे. केतकी बाहेर बाकावर बसून राहिली. आतून जुईचं हसणं ऐकू आलं, आणि तिला धसका बसला. कोर्टात पोर हसतंय म्हणजे ते आवडत्या माणसाबद्दल बोलत असणार.

आदेश आला. मुलीची इच्छा वडिलांकडे राहण्याची आहे. उन्हाळ्याची सुट्टी तिनं पुण्यात वडिलांच्या घरी काढावी, मग अंतिम निर्णय.

बॅग भरताना जुई नुसती नाचत होती. "ठोकळा न्यायचा का गं?"

"नाही. तिथं बाबा स्वतःच असणार की."

"हेच बाबा ना?"

केतकीच्या जिभेवर किती काय काय आलं. हा वेगळा आणि तो वेगळा, बाळा. तो दारात चप्पल दिसली नाही तरी घर डोक्यावर घेतो. पण ठोकळा ऐकत होता. मुलीसमोर बापाविरुद्ध बोलली की तेही पुराव्यात जायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

"हेच," ती म्हणाली, आणि फ्रॉकची घडी उगीचच मोडून पुन्हा घातली.

"पुण्यात भेटू, जुईराणी," ठोकळा म्हणाला.

जुई गेली आणि घर सुनं सुनं झालं. ठोकळाही गप्प होता, कारण बोलायला मूल नव्हतं. केतकीला इतक्या वर्षांनी हवी ती शांतता मिळाली होती आणि ती तिला खायला उठत होती. ती मुद्दाम युनिटवर जास्त वेळ थांबायला लागली. तिथल्या बायका "पोरगी कधी येणार हो?" म्हणून विचारायच्या, आणि ही त्यांच्यावर खेकसायची.

आठवडाही झाला नव्हता. भर दुपारी जुईचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"आई, इथं बाबा नाहीत."

"नाहीत म्हणजे? एकटी आहेस तू घरात? कुठं गेला तो?"

"समोर बसलेत. पण बाबा नाहीत गं."

मागून निनादचा आवाज आला, "कुणाशी बोलतेस? दे इकडं." मग तोच फोनवर आला. "काय शिकवून पाठवलंयस हिला? सकाळपासून एकच धोशा, तुम्ही बाबांसारखं बोला म्हणून. मला कामं नाहीत का? काल मीटिंग चालू असताना मध्ये येऊन बसली. जरा ओरडलो तर..."

"ओरडलास?"

"जरा! लगेच म्हणते, बाबा ओरडत नाहीत, तुम्ही कोण?"

खोटं कशाला बोला, केतकीला मनातल्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

सुट्टी अर्धीही सरली नव्हती तेव्हा निनाद स्वतः गाडी घेऊन जुईला पोचवायला आला. दार उघडताच जुई आईला बिलगली, घट्ट, क्षणभरच. मग थेट स्वयंपाकघरात पळाली.

"आई, चालू होत नाहीये हे!"

"बाबा आलेत ना बाळा. ते असले की तो बंद असतो."

जुई बाहेर आली. निनाद अजून उंबऱ्याबाहेरच उभा होता, एका हातात तिची बॅग, दुसऱ्या हातात वाटेत घेतलेला फुगा. त्याची दाढी वाढलेली होती. जुईनं त्याच्याकडं वर बघितलं आणि अगदी अदबीनं, पाहुण्यांना सांगावं तसं म्हणाली, "तुम्ही जाता का? म्हणजे बाबा येतील."

निनादनं बॅग खाली ठेवली. फुग्याचं काय करावं ते न कळून तो बॅगेलाच बांधला आणि पायऱ्या उतरून गाडीत जाऊन बसला. गाडी मात्र बराच वेळ सुरू झाली नाही.

केतकीनं या माणसाच्या नावानं किती वेळा तळतळाट केला होता. त्याचं नाक कापलं जावं असं किती वेळा वाटलं होतं. आज ते कापलं गेलं, आणि तिला ते बघवेना. आतून जुईचा किलबिलाट आणि ठोकळ्याचं "काय काय बघितलंस पुण्यात, सांग मला" ऐकू यायला लागलं, तेव्हा तिला कळलं की गाडी गेली.

*

पुढच्या आठवड्यात निनादचा प्रस्ताव आला. ठोकळा कायमचा बंद करायला तिनं संमती द्यावी, तो ताब्याचा अर्ज मागं घेईल. दर रविवारी स्वतः यायचा प्रयत्न करील.

"देव पावला म्हण!" कुंभोजकरबाई म्हणाल्या. "पोर तुझी, ठोकळा जाणार, आणखी काय हवं? सही कर आणि सुट."

केतकीला तर वाटलं, हीच सही करण्यासाठी आपण इतकी वर्षं पेन धरायला शिकलो.

समुपदेशक मगदूममॅडमच्या खोलीत सगळे जमले. मुलाला समोर बसवून सांगितल्याशिवाय सहपालक बंद करता येत नाही, म्हणून जुईही होती. मॅडमनी तिला समजावलं, गोड बोलून, उदाहरणं देऊन. जुई ऐकत होती. तिला सगळं समजतंय हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"म्हणजे बाबा मरणार?" तिनं विचारलं.

"छे छे! बाबा हे काय समोर आहेत. ते फक्त यंत्र होतं."

"पण ते बाबा होते."

निनाद टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत बसला होता.

"बरं," मॅडम घाईनं म्हणाल्या, "आई-वडील दोघांची संमती आहे ना? निनादजी?"

"आहे."

"केतकीताई? या प्रकरणात तुम्हा दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच बघतेय हो!"

जुईनं झटकन मान वर केली. "दोघं हो म्हणाले तरच बंद होतं?"

"हो बाळ."

"आणि एकानं नाही म्हटलं तर?"

"तर नाही होत."

जुई खुर्चीवरून उतरली आणि आईबापांच्या मधोमध येऊन उभी राहिली. एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं.

"भांडा ना," ती म्हणाली. "एरवी किती भांडता! भाजीवरून भांडता, चपलेवरून भांडता. मी कान झाकून बसायची तरी थांबायचा नाहीत. आज का नाही भांडत? भांडा की! कुणीतरी नाही म्हणा की!"

केतकीनं कुंभोजकरबाईंकडं बघितलं. बाई डोळ्यांनीच खुणावत होत्या, सही, सही. निनाद भिंतीकडं बघत होता. जन्मात एकदा या माणसाशी तिचं जमलं होतं, आणि ते या पोरीचा बाप काढून घेण्यासाठी. त्या ठोकळ्याचा तिला मनस्वी तिटकारा होता. आत्ताही होता. तो उद्या पुन्हा फडताळावरून म्हणणार होता, आई दमते. आणि ती दमणारच होती.

"माझी संमती नाही," केतकी म्हणाली.

"काय?" निनाद उभाच राहिला. "केतकी, ठरलं होतं आपलं!"

"ठरलं होतं. आता मोडलं."

कुंभोजकरबाईंनी कपाळाला हात लावला. मगदूममॅडम म्हणाल्या, "ताई, विचार करून बोला. मग ताब्याचा अर्ज पुन्हा चालेल, मुलगी जाऊही शकते तुमच्याकडून."

"चालू दे."

"हे बघा मॅडम, हिचं हे असंच!" निनादचा आवाज चढला. "ऐन वेळी पलटायचं आणि चारचौघांत मला तोंडघशी पाडायचं! तुला तो ठोकळा हवाय कशाला? मला रोज खाली बघायला लावायला?"

"मला हवाय? मला? अरे, मी त्याचं तोंड बघून दात-ओठ खाते! तू बाप झाला असतास तर ठोकळ्याची गरजच काय होती?"

"मी बाप नव्हतो? मी?"

"दोन आठवडे निभली नाही पोर तुझ्याच्यानं!"

बाहेरचा शिपाई दार किलकिलं करून डोकावला आणि परत गेला. जुई आपल्या खुर्चीवर चढून बसली होती. भांडण लागलं की ती दोन्ही हात कानांवर ठेवायची, पण आज हात मांडीवर होते. तिनं मगदूममॅडमना हळूच विचारलं, "आता नाही ना बंद होणार?"

"नाही बाळ," मॅडम म्हणाल्या. "तू घाबरू नकोस हं. मी थांबवते त्यांना."

"नको," जुई म्हणाली. "भांडू दे."

केतकीनं ते ऐकलं, आणि आवाज आणखी चढवला.